दिसला की वाजवा

“काकू, आत्ताचा खरंच दिसला, की सवयीनं दाबलंत?”

प्रश्न डोळे तपासणाऱ्या मुलीनं पलीकडून विचारला. मध्ये पांढरा अर्धगोल, खोलीत अंधार, माझी हनुवटी एका खाचेत टेकलेली, कपाळ पट्ट्याला चिकटलेलं, डाव्या डोळ्यावर कापसाची घडी. अशा अवस्थेत माणूस वाद घालू शकत नाही. “दिसला की,” मी म्हटलं. तेही हनुवटी न हलवता, त्यामुळे ते ‘दिहला ही’ असं काहीतरी ऐकू गेलं असणार. “बरं,” ती म्हणाली आणि पुढे गेली. एवढंच झालं. तपासणी संपली, मी बाहेर येऊन चहा प्यायले, रिक्षा करून घरी आले. पण तेव्हापासून तो प्रश्न कुसळासारखा रुतून बसला. कारण मलाच माहीत नव्हतं. तो ठिपका मला दिसला होता, की तो आता यायला हवा एवढंच मला ठाऊक होतं? आणि तिनं पेन्सिलीनं तिथे टिंब दिलं का? बाकीच्या टिंबांचा बारीकसा टक् असा आवाज मी ऐकत होते. त्या एका वेळचा आठवत नाही.

गेले होते मी चष्म्याच्या नंबरासाठी. वडिलांना काचबिंदू होता हे बोलता बोलता सांगितलं आणि डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. डोळ्याचं प्रेशर बघितलं, ते ठीक निघालं. आतली नस बघितली, ती ‘जरा लक्ष ठेवायला हवी’ अशी निघाली. मग फील्ड, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं कुठवर दिसतं त्याची तपासणी. आधी केलं ते हल्लीचं, कॉम्प्युटरचं. त्यात ठिपके एकेका जागी लुकलुकून विझतात, कधी ठळक, कधी इतके फिके की आपण कल्पनेनंच पाहिले असं वाटावं. मी त्यात नापास झाले. डोळा नापास झाला असता तर समजून घेतलं असतं, पण यंत्रानं शेरा मारला तो माझ्यावर: पेशंट समोर बघत नाही, इकडेतिकडे बघते, अनरिलायबल. तीस वर्षं सहकारी बँकेच्या काउंटरवर नोटा मोजल्या, एक दिवस कॅश चुकली नाही, आणि आता एक डबडं मला बेभरवशाची म्हणतंय! डॉक्टर हसले. म्हणाले, “असं होतं. आपण जुन्या मशीनवर हातानं करून घेऊ. तिथे समोर माणूस असतो.”

ते जुनं मशीन म्हणजे गोल्डमन पेरिमीटर. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात हान्स गोल्डमन यांनी 1945 साली बांधलेल्या यंत्राचं हे वंशज. आतून पांढरं, मोठ्या कढईसारखं अर्धगोल भांडं, तीस सेंटिमीटर त्रिज्येचं, कडेवर उभं केलेलं. आपण त्यात तोंड घालून बसायचं. भांड्याच्या तळाशी, अगदी नाकासमोर, एक काळं भोक. त्याच्याकडे एकटक बघायचं. बाजूनं कुठून तरी उजेडाचा ठिपका आत सरकत येतो. तो दिसला की हातातलं बटण दाबायचं, पलीकडे बझर वाजतो. ठिपका फिरवणारी मुलगी पलीकडे एक दांडा धरून बसलेली असते, दांड्याला कागद जोडलेला असतो आणि बझर वाजला की ती त्या जागी टिंब देते. मला गंमत वाटली ती त्या भोकाची. आपण ज्या भोकाकडे बघतो, त्याच भोकातून ती दुर्बिणीनं आपल्या बुबुळाकडे बघत असते. नजर जरा ढळली की तिला कळतं. “समोर, काकू, समोर.” इतका वेळ, इतक्या जवळून माझ्या डोळ्यात कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. लग्नातसुद्धा नाही. आणि मला मात्र तिचा डोळा दिसत नव्हता, दिसत होतं ते भोक.

ती स्वतःशीच पुटपुटत होती, “व्ही फोर ई… वन फोर ई…” ही ठिपक्यांची नावं: आधी आकार (व्ही म्हणजे रोमन पाच), मग उजेड. पाच नंबरचा ठिपका चौसष्ट चौरस मिलिमीटरचा, एक नंबरचा पाव चौरस मिलिमीटरचा. आधी मोठा आणि झगझगीत घेऊन कडेपासून आत आणतात, सेकंदाला चार-पाच अंश एवढ्या सावकाश गतीनं. तो दिसायला लागतो त्या सगळ्या जागा जोडल्या की एक वेडंवाकडं वर्तुळ होतं. मग लहान ठिपका, त्याचं आतलं वर्तुळ. मग फिका, आणखी आतलं. नियम एकच: न दिसणाऱ्या भागातून दिसणाऱ्या भागाकडे यायचं. बाहेरून आत येताना तसंच, आणि अंधबिंदू मोजताना ठिपका त्या बिंदूच्या मधोमध नेऊन, जिथे तो चालू असूनही आपल्याला दिसत नाही तिथून, आठ दिशांना बाहेर काढायचा. थोड्या वेळानं मला त्याची लय सापडली. दांडा सरकला की खर्र असा बारीक आवाज यायचा, मग तीनेक सेकंद, मग ठिपका. दिवा लागल्या-विझल्याचा मात्र आवाज येत नाही. तर मी दाबत होते ते डोळ्यानं की कानानं? कॅशियरच्या बोटांना बंडल हातात आलं की शंभर झाले हे मोजायच्या आधीच कळतं. तसं काहीसं अंगठ्याचं झालं असावं.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तपासणी याच पद्धतीनं झाली होती. 1993 साली, पुण्यातच, वाईहून एसटीनं येऊन. मी मागे स्टुलावर बसले होते. अण्णा हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. बटण हातात दिलेलं असूनही ते ठिपका दिसला की मोठ्यानं “हजर!” म्हणायचे. “काका, बोलू नका, हनुवटी हलते,” असं त्या बाईंनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायचं सोडून दिलं. दिवे लागले, बाईंनी रंगीत पेन्सिलींनी काढलेली वर्तुळं समोर ठेवली आणि अण्णांचा चेहरा एकदम उजळला. “ही तर टोपोशीट आहे!” आणि लगेच, “काय हो, कंटूर इंटरव्हल किती?”

बाईंना प्रश्न कळला नाही. पण तो बरोबर होता. टोपोशीट म्हणजे समोच्च रेषांचा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा. तो ज्यानं हातानं काढलाय त्याला कळेल: दोन रेषांमध्ये उंचीचा फरक किती, असं ते विचारत होते. एडिंबरोचे डॉक्टर ट्रॅक्वेअर यांनी दृष्टीला आंधळेपणाच्या समुद्रातल्या बेटाची उपमा दिली होती, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. मधोमध शिखर, जिथे बारीकात बारीक अक्षर वाचता येतं, तिथून उतरत जाणारे डोंगर, बाहेर समुद्र. कानाच्या बाजूला हे बेट नव्वद अंशांच्याही पलीकडे पसरलेलं, वर आणि नाकाकडे साठेक अंशांवर संपणारं, खाली सत्तर-पंचाहत्तरपर्यंत. ठिपका जितका लहान आणि फिका, तितकी रेषा शिखराजवळची. आणि कानाच्या उतारावर, शिखरापासून पंधरा अंशांवर, सरळ रेषेच्या जरा खाली, एक बिनतळाची विहीर, तोच अंधबिंदू: साडेपाच अंश रुंद, साडेसात अंश उंच. तिथून डोळ्याची नस बाहेर पडते, म्हणून तिथे पडदा नाही, म्हणून तिथे काही दिसत नाही. अण्णांनी विहिरीवर बोट ठेवून विचारलं, “हे काय बिघडलंय?” बाई म्हणाल्या, “ते नाही हो काका, ते सगळ्यांनाच असतं. बिघडलंय ते हे.” विहिरीपासून एक कमान निघाली होती, शिखराच्या खालून वळसा घेऊन नाकाकडे गेलेली, आणि तिथे मधल्या रेषेवर येऊन पायरीसारखी तुटलेली. डॉक्टर लोक तिला पायरीच म्हणतात. दोन्ही डोळ्यांत कमीजास्त तेच.

आमच्या वाईच्या घराला पडवीतून माजघरात जाताना उंच उंबरठा होता. अण्णांचं पाऊल त्याला अडायचं. कधी अंगठा ठेचायचा, कधी हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळायचं. अंगणाच्या शेवटच्या पायरीवरून तर ते दोनदा पडले. मी तेव्हा पंचविशीतली, नोकरी नवी, घाई कायमची. “अण्णा, बघून चालत जा ना!” हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याचा हिशोब माझ्याकडे नाही, बाकी सगळ्याचा आहे.

“बघूनच चालतोय गं,” ते म्हणायचे.

ते खरंच होतं. जिथे दिसत नाही तिथे काळा डाग दिसत असता तर माणूस सावध झाला असता. डाग नसतो. आजूबाजूची फरशी पसरून तिथवर येते, उंबरठा तेवढा गायब होतो, आणि समोरचं दृश्य पहिल्यासारखं अखंड. कुणाला धूसर वाटतं, कुणाला काहीच वाटत नाही. म्हणून काचबिंदूचे पेशंट उशिरा येतात, एक डोळा पुष्कळसा गेल्यावर येतात. आपल्याला जे दिसत नाही ते दिसत नाही हेही दिसत नाही, हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं. पाचव्यांदा राहू देते. मात्र ‘आपापला ब्लाइंड स्पॉट ओळखा’ म्हणून बँकेत प्रशिक्षणाला येऊन टाळ्या घेणारे जे वक्ते असायचे, त्यांना एकदा या भांड्यात तोंड घालून बसवावं असं मला फार वाटतं.

अंधबिंदूची गंमत मला अण्णांनीच दाखवली होती, आजाराच्या पुष्कळ आधी, कोजागिरीला. आटवलेल्या दुधात चंद्र बघायचा असतो, तो बघून झाला की गच्चीवर मुलांची रांग लागायची. डावा डोळा मिटायचा. हात लांब करून चंद्राच्या डावीकडे दीड मूठ अंतर मोजायचं आणि उजव्या डोळ्यानं तिथे, अगदी किंचित वर, बघत राहायचं. नजर थोडी इकडेतिकडे केली की एका क्षणी चंद्र नाहीसा. सबंध पौर्णिमेचा चंद्र! त्याच्या जागी काळोखाचं भोक नाही, साधं निळं-काळं आभाळ, जणू तिथे कधी काही नव्हतंच. चंद्र आपल्याला अर्धा अंश दिसतो, म्हणजे त्या विहिरीत ओळीनं दहा चंद्र मावतात. मला तेव्हा हिशोबाचं कौतुक वाटलं नाही. मला भीती वाटली होती, आणि मी दुधाचा पेला घट्ट धरून ठेवला होता. शेजारचा एक मुलगा म्हणाला, “सर, तो गेला कुठे?” अण्णा म्हणाले, “तो तिथेच आहे. गेलास तू.”

ही विहीर पहिल्यांदा सापडली ती सतराव्या शतकात, फ्रान्समध्ये एडम मॅरिऑट यांना. आपण बॉईलचा नियम शिकतो, तो फ्रान्समध्ये त्यांच्या नावानं ओळखला जातो. नस जिथून डोळ्यात शिरते तिथे तर सगळ्यात चांगलं दिसत असेल, असं मानून त्यांनी भिंतीवर कागदाच्या दोन चकत्या लावल्या, एकीवर नजर ठेवून मागे मागे सरकले, आणि दुसरी चकती गायब. त्या आधी हजारो वर्षं माणसं डोळे उघडे ठेवून वावरत होती. शिकार करत होती, तारे मोजत होती, अजिंठ्याच्या भिंतींवर चित्रं काढत होती. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांत दोन विहिरी, आणि कुणी पडलं नाही. दुसऱ्या डोळ्यानं भरून काढलं, डोळा हलत राहिला म्हणून भरून निघालं, आणि उरलेलं मेंदूनं रफू केलं.

अण्णांच्या डोळ्यातली ती कमानही कुणाच्या तरी नावानं ओळखली जाते. कोपनहेगनच्या डॉ. ब्येरुम यांनी 1889 मध्ये ती दाखवली. साधन काय, तर त्यांच्या तपासणीच्या खोलीच्या दाराची मागची बाजू. पेशंट दोन मीटरवर बसवायचा आणि दारासमोर काठीच्या टोकावर एक लहानशी पांढरी चकती सरकवायची. आधीचे लोक जवळून मोठ्या वस्तूंनी तपासायचे, त्यातल्या बहुतेकांच्या हातून ही कमान निसटली होती. दूर बसवल्यावर विहिरीचा आकार मोठा झाला आणि तिला लागून निघालेली वाट दिसली. दार, काठी, चकती. मला हे फार आवडतं. आमच्या उंबरठ्यानंही तसं पाहिलं तर तीच तपासणी केली होती, रोज, फुकट. रिपोर्ट वाचणारं कुणी नव्हतं.

एक गोष्ट मला तेव्हा सतावायची. अण्णांना उंबरठ्यावर ठेवलेली कळशी दिसायची नाही, पण तिथूनच मांजर गेलं तर ते लगेच “हाड!” करायचे. आई म्हणायची, “सोयीनं दिसतं यांना.” आणि आम्ही हसायचो. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेले सैनिक जॉर्ज रिडॉक या डॉक्टरांनी तपासले. त्यांना दृष्टीच्या गेलेल्या भागात ठेवलेली वस्तू दिसत नव्हती, ती हलवली की काहीतरी हललंय एवढं कळत होतं. 1917 मध्ये त्यांनी ते लिहून ठेवलं. अण्णांचा आजार वेगळा, जखम वेगळी, हे मला कळतं. पण हलणारं आणि स्थिर हे डोळ्याला दोन वेगळे प्रश्न वाटतात एवढं त्यातून घेतलं, तर आमचं ते हसणं आता घशात अडकतं. कडेच्या नजरेला हालचाल आधी कळते हे तर कुणालाही करून बघता येईल. म्हणूनच हातानं फिरवलेला ठिपका आणि जागच्या जागी लुकलुकणारा ठिपका एकाच डोळ्याचे दोन वेगळे नकाशे देऊ शकतात. कॉम्प्युटरचं पहिलं मोठं यंत्रही बर्नमध्येच तयार झालं, आणि त्याचं नाव ठेवलं ऑक्टोपस. आठ पायांच्या त्या प्राण्याच्या डोळ्यात नसा पडद्याच्या मागून निघतात, त्यामुळे त्याला अंधबिंदूच नसतो. नाव ठेवताना हे कुणाच्या डोक्यात होतं की नव्हतं, देव जाणे.

अण्णा जाऊन आता सोळा वर्षं झाली. त्या प्रश्नानंतर मी माळ्यावरची त्यांची ट्रंक काढली. वर टोपोशीट होती, एक इंचाला एक मैल मापाची, घड्यांवर फाटलेली. तीत वाईच्या वर कृष्णा अजून बारीक रेघ आहे, कारण ती शीट धोम धरणाच्या आधीची. पण अण्णांनी धरण भरल्यावर स्वतःच एक समोच्च रेषा निवडून तिच्या आतला सगळा भाग निळ्या पेन्सिलीनं रंगवला होता. “पाणी समोच्च रेषेनंच चढतं,” हे ते वर्गात दरवर्षी सांगायचे. हात इतका हलका की निळ्याखालची वाड्यांची नावं अजून वाचता येतात. त्याच घडीत 1993 चे ते दोन कागद होते, उजवा डोळा, डावा डोळा. बाईंची लाल, हिरवी, तपकिरी वर्तुळं जशीच्या तशी. आणि विहिरीपासून निघालेली कमान पायरीपर्यंत निळी. तोच हलका हात. खालचे अंशांचे आकडे नीट वाचता येतात.

हे त्यांनी कधी केलं, मला माहीत नाही. माझ्यासमोर तर नाही. मी तो कागद दिव्याखाली धरला, मग माझा नवा कागद शेजारी ठेवला. माझी वर्तुळं अजून बरी आहेत म्हणे. खाली, नाकाच्या बाजूला एक रेषा जरा आत दबल्यासारखी वाटते, पण डॉक्टर म्हणाले की एवढ्यावरून काही बोलायचं नाही, चार महिन्यांनी पुन्हा बघू. तो दिसला की न दिसला ठिपका त्याच बाजूचा होता. चार महिने मी रात्री थेंब घालताना त्या एका टिंबाचा विचार केला. बँकेत ताळा जुळत नसला की घरी जाऊन झोप यायची नाही, तसं. एका टिंबानं रेषा बाहेर गेली असेल तर? माझ्या खोट्या ‘दिसला की’वर डॉक्टरांनी भरवसा ठेवला असेल तर?

काल गेले. तीच मुलगी होती. पट्टी लावायच्या आधीच मी सांगून टाकलं, “अगं, मागच्या वेळी एक टिंब माझं चुकलं असेल. तू विचारलं होतंस बघ, खरंच दिसला का म्हणून. मी हो म्हटलं, पण मला खात्री नव्हती. ते खोडून टाक.”

तिनं फाइलही उघडली नाही. “काकू, मी तसं विचारते ना, तेव्हा दिवा बंद असतो. नुसता दांडा सरकवते. टिंब घेतच नाही तिथे.”

“म्हणजे ठिपका नव्हताच?”

“नव्हता. सगळ्यांनाच एखाद-दोनदा करावं लागतं. पुष्कळ जण दाबतात, तुम्ही काय एकट्या नाही.” ती माझ्या डाव्या डोळ्यावर घडी चिकटवत होती, तिच्या बोटांना स्पिरिटचा वास होता.

पण मला तो आठवतो. खाली डावीकडून आलेला, लहान, किंचित निळसर, सावकाश वर सरकणारा. मी तिला हे सांगितलं नाही. हनुवटी खाचेत ठेवली, कपाळ टेकवलं. दिवे गेले. समोर भोक. ठरवलं होतं की आता कानानं दाबायचं नाही. दिसला, अगदी शंभर टक्के दिसला, तरच. दांडा सरकल्याचा खर्र आवाज आला. एक, दोन, तीन सेकंद. अंगठा शिवशिवला, मी तो आवरून धरला. चार. पाच. काही नाही. मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

“काकू,” ती पलीकडून म्हणाली, “आत्ता लावला होता हं दिवा.”